झोळीवाला

रडणारं लेकरू गप करायचा आमच्या भागातला जुना उपाय म्हणजे झोळीवाला. "गप बस, नाहीतर झोळीवाल्याला देऊन टाकीन," असं म्हटलं की लेकरू आईच्या पदराआड तोंड लपवायचं. माझ्या आजीनं हे माझ्या वडलांना सांगितलं, मायनं मला सांगितलं, अन् आमच्या सुना आज नातवंडांना तेच सांगतात. झोळीवाल्याला नाव नव्हतं, गाव नव्हतं. दाढी वाढलेली, अंगावर भगवी नाहीतर मळकी कापडं, खांद्याला झोळी अन् त्या झोळीत पळवलेली पोरं, एवढीच त्याची ओळख. लहानपणी ही गोष्ट गंमतीची वाटायची. पुढं साठ वर्षांत ती कुठं कुठं जाऊन पोचली, कोणाच्या जिवावर उठली, ते मी बघितलं अन् वाचलं. म्हणून हा लेख.

आमचं भोकरदन परक्या माणसाला नवीन नाही. केळणा नदीच्या काठचं हे गाव, जुनं नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात पैठणहून उज्जैनकडं जाणारी व्यापाराची वाट इथून जायची. सांचीच्या स्तूपाला ज्या लोकांनी दान दिलं त्यांची नावं तिथल्या दगडावर कोरलेली आहेत, त्यात भोगवर्धनची माणसं आहेत. १९७३ च्या सुमाराला इथं नागपूर अन् मराठवाडा विद्यापीठानं उत्खनन केलं, त्यात हस्तिदंताची कोरीव मूर्ती निघाली. तशाच घडणीची एक मूर्ती थेट इटलीतल्या पाँपेई शहरात सापडलेली आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा कुठली कुठली माणसं इथं उतरत होती, मुक्काम करत होती, माल घेऊन पुढं जात होती. आमच्या वाडवडलांना अनोळखी माणसाची सवय होती.

माझ्या लहानपणी व्यापारी वाट राहिली नव्हती, पण येणारे थांबले नव्हते. सुगी संपली की एकेक जण यायचा. पहाटे पिंगळा, सकाळी वासुदेव. डोक्यावर देव्हारा घेतलेले मरीआईवाले, अंगावर आसूड ओढणारे. गुबुगुबु वाजवत नंदीबैलवाला. पोलिसाचं सोंग घेऊन दारात येणारा बहुरूपी. डमरू वाजवत, गाणं म्हणत भिक्षा मागणारे नाथपंथी डवरी गोसावी. कान टोचणारी, जडीबुटी देणारी वैदीण. दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरी. अन् ज्यांच्याशिवाय शेतकऱ्याचं चालायचं नाही ते घिसाडी. गाढवावर संसार, मागं कुत्रं. गावाबाहेर गायरानात पाल ठोकायचे, जमिनीत भट्टी करायचे, बाई भाता ओढायची, माणूस घण मारायचा. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, वखराच्या पासा सगळं त्यांच्याकडं. पैसे कोणाकडं नव्हते, म्हणून पायलीनं ज्वारी द्यायची.

ही माणसं आली की आधी पोलीस पाटलाच्या वाड्यावर जायची. मागच्या ठाण्याची चिठ्ठी दाखवायची, किती माणसं, किती लेकरं, किती दिवस राहणार ते सांगायची. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला अन् कित्येक भटक्या जातींना जन्मानंच चोर ठरवलं. लेकरू पाळण्यात असतानाच गुन्हेगार. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून त्या लोकांना विमुक्त म्हणतात. सगळेच भटके त्या यादीत नव्हते, पण गावाच्या नजरेत यादी एकच होती. कायदा गेला तरी हजेरी लावायची सवय राहिली, अन् आमच्या मनातली शंकाही राहिली. दिवसा त्यांच्याकडून विळा पाजवून घ्यायचा अन् दिवेलागणीला लेकरांना म्हणायचं, तिकडं जाऊ नको, ते पोरं धरतात.

पण भीती सगळीच खोटी होती, असं मी म्हणणार नाही. लेकरं चोरीला जात होती. आजी सांगायची, तिच्या काळात, म्हणजे निजामाच्या राज्यात, जत्रेत लेकरू हरवलं की लोक पहिलं विचारायचे, "अंगावर काय होतं?" पायात चांदीचे वाळे, हातात बिंदल्या, कमरेला करदोडा. लेकरू म्हणजे चालतंबोलतं गाठोडं. चोराला लेकरू नको असायचं, वाळे पाहिजे असायचे. लेकरू कुठं बाभळीखाली रडत सापडायचं, कधी सापडायचंही नाही. ही नुसती आजीची गोष्ट नाही. इंग्रजांनी १८६० साली जो दंडविधान कायदा केला त्यात दहा वर्षांच्या आतल्या लेकराला त्याच्या अंगावरची चीजवस्तू काढून घेण्यासाठी पळवलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा, असं वेगळं कलमच होतं. कलम ३६९. कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं म्हणजे तशा गोष्टी घडत असणार. १९५९ मध्ये त्याच कायद्यात आणखी एक कलम आलं, भीक मागायला लावण्यासाठी लेकरू पळवणं किंवा त्याला लुळंपांगळं करणं. लुळंपांगळं करण्याला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली.

दुसरी भीती पायाची. रेल्वेचा पूल बांधायचा असला की सरकार पायात लेकरू घालतं, असं म्हणायचे. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमाराला जालन्यावरून गेला. त्या वेळी म्हणे आसपासच्या खेड्यांतल्या बायांनी महिनोन्महिने लेकरं उंबऱ्याबाहेर सोडली नाहीत. पुढं पाझर तलाव, धरणं झाली तेव्हाही हीच कुजबुज. असं फक्त आमच्याकडंच नव्हतं, देशात जिथं मोठा पूल झाला तिथं ही अफवा उठलेली आहे. सरकार परकं, काम कधी न बघितलेलं, इंजिनिअर अनोळखी. ज्याचा अर्थ लागत नाही त्याला माणूस लेकराच्या भीतीचा अर्थ लावतो, असं मला वाटतं. कारण लेकरापेक्षा मोठं गमवायला गरिबाकडं दुसरं काही नसतं.

मी शाळेत असताना ही भीती अगदी दाराशी आली. १९७२ चा दुष्काळ. विहिरी आटल्या, बैल बाजारात मातीमोल गेले. गावच्या गावं दुष्काळी कामावर. माय खडी फोडायची, आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत. तान्ह्या लेकरांसाठी कामावरच लिंबाच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधलेली असायची. एकेका झाडाला चार-चार झोळ्या. एखादी म्हातारी नाहीतर आमच्यासारखं पोरगं त्यांना झोका द्यायला. आमच्याकडं भिक्षेकऱ्याच्या पिशवीलाही झोळीच म्हणतात अन् लेकराच्या पाळण्यालाही झोळीच.

त्याच हिवाळ्यात मानवतची बातमी आली. जालन्याहून रेल्वेनं परभणीकडं निघालं की मानवत रोड स्टेशन लागतं, ते मानवत. नोव्हेंबर १९७२ पासून जानेवारी १९७४ पर्यंत त्या गावात अन् शिवारात एकामागून एक पोरी अन् बाया मारल्या गेल्या. गुप्तधनासाठी बळी देतात, असं निघालं. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, काहीजण फासावर गेले, काही सुटले. त्यात कोण खरा दोषी यावर लोक अजून वाद घालतात, मला त्यात जायचं नाही. मला आठवतं ते आमच्या गावचं. मानवत आमच्यापासून कितीतरी लांब, पण दुष्काळी कामावर झाडाची झोळी दिसेनाशी झाली. बाया लेकरू पाठीला बांधून खडी फोडायला लागल्या. दगडाचे कपचे उडायचे, लेकराला लागू नये म्हणून पदर दुहेरी करायच्या. मुकादम ओरडायचा, काम कमी होतंय. त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

अन् त्या वर्षी गायरानात पालं पडली ती गावानं उठवून लावली. डवरी होते की आणखी कोणी, ते मला आता सांगता येत नाही. "कामून उठवता व बाप्पा, आम्हालाबी लेकरं हायेत," असं त्यांच्यातली म्हातारी म्हणत होती, तेवढं कानात राहिलं. मानवतच्या प्रकरणात जे पकडले गेले ते फिरस्ते नव्हते, तिथलेच रहिवासी होते. हे पुढं पेपरातून सगळ्यांना कळलं. पण कळलं तेव्हा पालं उठून दीड वर्ष झालेलं होतं. अंधश्रद्धेच्या असल्या प्रकाराला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात व्हायला २०१३ साल उजाडलं, अन् तोही डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर.

यानंतरची गोष्ट १९९६ ची. त्या साली अखेरीला कोल्हापूरचं गावित प्रकरण बाहेर आलं. तोपर्यंत आमचा तालुका औरंगाबादेतून निघून जालना जिल्ह्यात येऊन पंधरा वर्षं झाली होती, गावात पेपर रोज येत होता. पारावर एकजण मोठ्यानं वाचायचा अन् बाकीचे ऐकायचे. ऐकता ऐकता माणसं उठून जायची, एवढं ते भयंकर होतं.

अंजनाबाई गावित अन् तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे अन् सीमा गावित. धंदा खिसे कापायचा, बायांच्या गळ्यातलं तोडायचा. देवळं, जत्रा, एस.टी. स्टँड अशा गर्दीच्या जागा. १९९० साली पुण्यात एका देवळाच्या गर्दीत रेणुका चोरी करताना सापडली. तिच्या कडेवर तिचं स्वतःचं लेकरू होतं. लेकराची आई चोरी कशी करील, असं म्हणून लोकांनी सोडलं. तिथून त्यांना युक्ती सुचली. लेकरू जवळ असलं की संशय येत नाही, सापडलं तर दया येते. मग दुसऱ्यांची लेकरं उचलायची, ती कडेवर घेऊन गर्दीत चोरी करायची. लेकरू रडून ओझं व्हायला लागलं, की संपवायचं. १९९० ते १९९६ या सहा वर्षांत तेरा लेकरं पळवल्याचा अन् त्यातली नऊ मारल्याचा आरोप त्यांच्यावर होता. कोर्टात किमान पाच खून शाबीत झाले. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधी तुरुंगात मेली. दोघी बहिणींना २००१ साली कोल्हापूरच्या कोर्टानं फाशी सांगितली, हायकोर्टानं ती कायम केली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही. राष्ट्रपतींनी २०१४ साली दयेचा अर्ज फेटाळला. त्या अर्जाला सरकारनं एवढी वर्षं लावली म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली.

हे सगळं पेपरात आलेलं आहे, बहुतेकांना माहीत आहे. मला त्यातल्या दोन-तीन गोष्टींवर बोलायचं आहे, ज्या पारावर कोणी बोललं नाही.

पहिली गोष्ट, त्या तिघी झोळीवाल्या नव्हत्या. नीट लुगडं-साडी नेसलेल्या, कडेवर लेकरू घेतलेल्या, आपल्या आया-बहिणींसारख्या दिसणाऱ्या बाया होत्या. आपण ज्याला भ्यायला शिकवलं तो दाढीवाला त्यात कुठंच नव्हता.

दुसरी गोष्ट, त्यांनी सुरुवातीला जे लेकरू उचललं ते कोल्हापुरातल्या एका भिकारणीचं होतं. आपण म्हणतो भिकारी लोक पोरं चोरतात. इथं भिकारणीचंच चोरलं होतं. बंगल्यातलं लेकरू गेलं असतं तर शहर हललं असतं. भिकारणीचं गेलं तर तिचं रडणं स्टँडच्या गोंगाटात कोणाला ऐकू गेलं असेल? चोराला हे बरोबर माहीत होतं. ज्याच्यामागं कोणी विचारायला येणार नाही त्याचंच लेकरू उचलायचं. सहा वर्षं त्यांचं फावलं याचं अर्धं कारण मला यात दिसतं.

तिसरी गोष्ट, त्यांचा धागा सापडला तो घरच्याच भांडणातून. अंजनाबाईच्या नवऱ्यानं तिला सोडून दुसरं लग्न केलं होतं, त्या दुसऱ्या बायकोची पोरगी नाहीशी झाली. त्या आईनं तक्रार केली, नाव सांगितलं, तेव्हा पोलीस हलले. म्हणजे एवढ्या मोठ्या प्रकरणातसुद्धा उलगडा झाला तो ओळखीच्या माणसावर बोट ठेवल्यावर.

पण गावानं यातून धडा काय घेतला? पुढच्या संक्रांतीला माझी धाकटी बहीण एकटीच लेकराला घेऊन एस.टी.नं माहेरी आली. पोरगी बापावर गेलेली, गोरी. जालन्यापासून राजूरपर्यंत शेजारच्या बाईनं तिला तीनदा विचारलं, "लेकरू तुमचंच का व बाई?" बहीण हसत हसत सांगत होती, पण डोळ्यात पाणी होतं. नंतर चार-सहा महिन्यांनी ते सगळं विसरलं गेलं, अन् झोळीवाला पुन्हा आपल्या जागी येऊन बसला.

मग मोबाईल आले. २०१८ च्या उन्हाळ्यात आमच्या गावात दर दुसऱ्या घरात व्हॉट्सॲप होतं. मे-जूनमध्ये एक व्हिडिओ फिरायला लागला. मोटारसायकलवर दोघंजण येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात अन् निघून जातात. खाली मराठीत लिहिलेलं, टोळी आली आहे, सावध राहा, किडन्या काढतात. तो व्हिडिओ आपल्याकडचा नव्हताच. पाकिस्तानातल्या कराचीतल्या एका संस्थेनं लेकरांची काळजी घ्या, हे सांगण्यासाठी बनवलेलं ते नाटक होतं. मूळ व्हिडिओत शेवटी ती माणसं लेकरू परत आणून सोडतात अन् पाटी दाखवतात. ते शेपूट कोणीतरी कापलं. दुसरा एक फोटो फिरत होता, ओळीनं झोपवलेली मेलेली लेकरं. तो सीरिया देशातल्या २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यातला होता. दुसऱ्या मुलुखातल्या आयांचं दुःख आमच्या गावात अफवा होऊन आलं.

त्या जून महिन्यात गावोगाव रात्रीचे पहारे सुरू झाले. वैजापूर तालुक्यात चोर समजून जमावानं मारहाण केली, त्यात माणसं मेली. आमच्या गावातही पोरं काठ्या घेऊन फिरायला लागली. पेरणी व्हायची होती, पाऊस लांबला होता, हाताला काम नव्हतं.

अशात गायरानात एक घिसाड्याचं कुटुंब उतरलं. आता गाढवं नव्हती, जुनी लुना होती अन् तिला बांधलेला गाडा. नवरा-बायको, म्हातारा अन् तीन लेकरं. त्यातलं धाकटं आठ-नऊ महिन्यांचं, घाऱ्या डोळ्यांचं अन् गोरं. एवढं पुरलं. कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, हे लेकरू यांचं वाटतं का? दिवस मावळायच्या आत पन्नास-साठ माणूस गोळा झालं. मी वखरून घरी येत होतो, गर्दी दिसली म्हणून तिकडं गेलो.

पुढच्यानं त्या बाईला विचारलं, "हे लेकरू कोणाचं?"

"माझं."

"पुरावा काय?"

ती बाई क्षणभर नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "माझं लेकरू माझं हाय, हे आता कसं दावू दादा? दूध पेतं माझं."

मी पोलीस पाटलाला फोन लावला, त्यानं भोकरदनच्या ठाण्याला लावला. पण गाडी यायला अर्धा-पाऊण तास लागणार होता, अन् जमावाला अर्धा तास लई होतो. तेवढ्यात आमच्या गल्लीतली एक म्हातारी गर्दीतून वाट काढत पुढं गेली. ऐंशीच्या पुढची बाई. ती त्या म्हाताऱ्या घिसाड्याजवळ गेली, त्याचं तोंड निरखून बघितलं अन् गावाकडं वळून म्हणाली, "ह्याच्या बापानं माझ्या लग्नातला विळा घडवला. तो अजून माझ्या घरात हाय. तुमच्या आजोबांचे वखर कोणी केले रे, मोबाईलनं?" पोरं गप झाली. मग त्या बाईनं पालातल्या पत्र्याच्या डब्यातून लेकराचं लसीचं कार्ड काढलं. त्यावर आईचं नाव, जन्माची तारीख, दवाखान्याचा शिक्का. ते कार्ड पन्नास हातांतून फिरलं. लेकरू तोवर रडून रडून झोपलं होतं.

पोलीस आले, चौकशी केली, गर्दी पांगली. कोणाला काही लागलं नाही. सकाळी बघितलं तर गायरान मोकळं होतं. भट्टीचा खड्डा तेवढा राहिला, निखारे विझवलेले. दोन घरांचे विळे त्यांच्याकडं पाजवायला दिलेले होते, ते धार लावून पोलीस पाटलाच्या ओट्यावर ठेवून गेले होते.

ही गोष्ट बरी संपली असं वाटलं. पण आठ-पंधरा दिवसांतच राईनपाड्याची बातमी आली.

राईनपाडा हे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण भिक्षा मागायला तिथं आले. घरापासून चार-पाचशे किलोमीटर लांब. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. पोरं पळवणारी टोळी सापडली, अशी ओरड झाली. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं अन् तिथंच मारून टाकलं. पाचही जण. ते मारणं लोकांनी मोबाईलवर घेतलं अन् तेही पुढं पाठवलं.

ग्रामपंचायतीची खोली. आमच्याकडंही तशीच आहे. भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी, कोपऱ्यात लोखंडी कपाट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. कुणावर संकट आलं तर माणूस जिथं धावत जाईल अशी गावातली ती जागा. तिथं पाच माणसं मेली, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. अन् मेलेल्या पाचांच्या घरीही लेकरं होतीच. पोरं वाचवायला म्हणून जमाव धावला अन् कित्येक पोरं बिनबापाची करून परत गेला. राईनपाड्यात त्या दिवशी एकही लेकरू पळवलं गेलं नव्हतं.

त्याच जुलै महिन्यात सुप्रीम कोर्टानं जमावाच्या हत्यांबद्दल सरकारांना कडक सूचना दिल्या. व्हॉट्सॲप कंपनीनं आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच जणांना पुढं पाठवता येईल, असं बंधन घातलं. तरी एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथं दोन साधू अन् त्यांचा ड्रायव्हर अशाच अफवांच्या दिवसांत जमावानं मारले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात पंढरपूरला निघालेल्या चार साधूंनी एका पोराला रस्ता विचारला, म्हणून त्यांना झोडपलं. साधू असो, गोसावी असो, घिसाडी असो, झोळी दिसली की आमच्या डोक्यातली आजीची गोष्ट उठून उभी राहते. मोबाईलनं फक्त तिला पाय दिले.

मग लेकरं हरवतच नाहीत का? हरवतात. माझं म्हणणं एवढंच, की आपण भलत्या दिशेला बघतो. आजच्या काळात अगदी तान्हं लेकरू चोरीला जातं ते बहुतेक दवाखान्यातून, गर्दीच्या स्टँडवरून, रेल्वे फलाटावर झोपलेल्या आईच्या कुशीतून. दवाखान्यात नर्स असल्याचं भासवून "बाळाला तपासायला नेते," म्हणणारी नीटनेटकी बाई असते. अन् ते लेकरू विकत घेणारं कोण असतं? आपल्यातलंच एखादं जोडपं. लग्नाला दहा वर्षं झाली, घरात पाळणा नाही. सासू बोलते, भावकी बोलते, हळदी-कुंकवाला बोलावत नाहीत, नवऱ्याचं दुसरं लग्न करायच्या गोष्टी निघतात. मग कोणीतरी मधला भेटतो अन् म्हणतो, एवढे एवढे द्या, लेकरू मिळवून देतो. मुलगा पाहिजे असला तर भाव जास्त. बाईला वांझ म्हणणारं गाव त्या चोरीत भागीदार नाही, असं कसं म्हणायचं? कायद्यानं दत्तक घ्यायची सोय सरकारनं केलेली आहे. वेळ लागतो, पण त्या लेकराच्या मागं कोणा आईचं रडणं नसतं.

कायदाही पुढं गेला आहे, ते खेड्यातल्या माणसाला माहीत पाहिजे म्हणून सांगतो. मे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलं, की लेकरू हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा म्हणून नोंद करायचीच. चोवीस तास थांबा, पाहुण्यांकडं बघा, असं म्हणून परत पाठवायचं नाही. एप्रिल २०२५ मध्ये त्याच कोर्टानं सांगितलं, की दवाखान्यातून नवजात बाळ चोरीला गेलं तर पहिल्यांदा त्या दवाखान्याचा परवाना थांबवा. लेकरांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन नंबर आहे. तो १९९६ साली मुंबईत सुरू झाला, म्हणजे गावित प्रकरण उघडकीस आलं त्याच साली. संशय आला तर हा नंबर लावायचा, ११२ लावायचा, पोलीस पाटलाला सांगायचं. अन् गाडी येईपर्यंत त्या माणसाला सावलीत बसवून पाणी द्यायचं. तो चोर असला तरी पळून जाणार नाही, नसला तर जिवंत राहील.

अन् हे सगळे नियम पालातल्या लेकरालाही लागू आहेत, हे विसरायचं नाही. भटक्या आईचं लेकरू हरवलं तर ती कोणत्या ठाण्यात जाणार? गावाचा पत्ता नाही, ओळखीचा पुढारी नाही. कोल्हापूरच्या त्या भिकारणीसारखंच तिचं व्हायचं. माझ्या मते लेकरं पळवली जाण्याचा सगळ्यात मोठा धोका त्या पालात आहे, अन् पळवल्याचा संशयही तिथंच घेतला जातो.

२०१८ नंतर आमच्या गायरानात घिसाडी उतरले नाहीत. विळे आता भोकरदनच्या दुकानात तयार मिळतात, एका हंगामात वाकतात. डवरी गोसावी दिसत नाहीत. पिंगळा बंद झाला. एखादा वासुदेव सणाला येतो, तो मोरपिसांची टोपी पिशवीत ठेवून, आधी सरपंचाकडं आधार कार्ड दाखवून, मग डोक्यावर घालतो. लेकरांना तो फार आवडतो, त्याच्यामागं घोळक्यानं फिरतात. तो मात्र कोणत्याही लेकराच्या डोक्यावर हात ठेवत नाही. दोन हात लांब उभा राहून दान पावलं म्हणतो अन् पुढच्या दाराला जातो.